डावी खुर्ची, बारकं विमान

कंपनीची सूचना मोबाइलवर आली तेव्हा मी मुलीच्या वेण्या घालत होते. एक वेणी झाली होती, दुसरी अर्ध्यावर होती. मी सूचना वाचली, पुन्हा वाचली आणि ‘आईशप्पथ!’ म्हणून एवढ्या मोठ्यानं ओरडले की नवरा तोंडात ब्रश धरून न्हाणीतून बाहेर आला. उरलेली वेणी त्यानंच कशीबशी घातली आणि पोरगी एक वेणी वर, एक खाली अशी शाळेत गेली.

सूचनेत कामाच्या दोनच ओळी होत्या. लहान विमानांवर कॅप्टनच्या काही जागा, मुक्काम हैदराबाद. परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानांवर सहवैमानिकाच्या काही जागा, मुक्काम दिल्ली. ज्यांना हव्यात त्यांनी आठ दिवसांत पसंतीचा अर्ज भरावा.

विमानात पुढं दोन खुर्च्या असतात. डावीकडे कॅप्टन, उजवीकडे सहवैमानिक. विमान दोघंही उडवतात, आलटूनपालटून उतरवतातही. पण निघायचं की थांबायचं, उतरायचं की नाही, हे शेवटी डावीकडचं माणूस ठरवतं. मी नऊ वर्षं उजवीकडे बसत होते. पहिली तीन पंख्यांच्या लहान विमानावर, पुढची सहा मुंबईहून मधल्या आकाराच्या विमानावर, सुट्टी लागली की घरी. डाव्या खुर्चीसाठी परीक्षा द्याव्या लागतात, पण त्याआधी यादीतला नंबर लागतो. कंपनीत ज्या दिवशी पाय ठेवला त्या दिवशी हा नंबर पडतो आणि वरचे लोक निवृत्त होतील, सोडून जातील तसा तो मुंगीच्या पावलांनी वर सरकतो. दुसऱ्या कंपनीत गेलात तर पुन्हा तळापासून सुरुवात. त्यामुळं आम्ही मंडळी लग्नाची तारीख विसरू, नंबर विसरत नाही.

आणि गप्पा? दोन पायलट भेटले की तिसऱ्या वाक्याला हाच विषय निघतो. पगार किती, विमान केवढं, घरी किती दिवस. तिन्ही एकदम चांगलं मिळालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मोठ्या विमानावर पगार चांगला, परदेशातल्या मुक्कामाचा भत्ता वेगळा, गणवेशात चालताना लोक वळून बघतात. पण घर सुटलं की चौथ्या दिवशी परत, आणि परत आल्यावर दोन दिवस भर दुपारी झोपून काढायचे. वर त्या विमानात तिघं-चौघं पायलट असतात, एका लांबलचक फेरीत लँडिंग एकच, त्यामुळं सहवैमानिकाच्या वाट्याला महिन्याला एखाददुसरं आलं तर आलं. लहान विमानावर दिवसाला चार-चार, सहा-सहा. पगार कमी, पण सुट्टी लागली की हैदराबादहून रात्रीच्या गाडीनं सकाळी घरी, आणि हात सतत कामात. मला हातानं विमान उतरवायला आवडतं. अगदी मनापासून आवडतं. चाकं जमिनीला लागताना जे होतं पोटात, त्यासाठी मी या धंद्यात आले, दुबईच्या बाजारासाठी नाही.

तेव्हा माझा अर्ज सरळ होता. पहिली पसंती, लहान विमान, कॅप्टन. बाकी रकाने रिकामे.

आणि इथं मी माती खाल्ली.

अर्ज भरायच्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, फुलंब्रीकडून आले होते. फुलंब्रीजवळ आमचं गाव, तिथं अण्णांची अद्रकाची शेती. महिन्यातून एकदा शहरात, पुंडलिकनगरला आमच्या घरी येतात, दूध आणतात, नातीला बघतात आणि ‘शहरात हवा नाय’ म्हणत संध्याकाळच्या जीपनं परत जातात. मी टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते. ते शेजारी येऊन बसले.

“बारक्या इमानाचं लिवलंस का?”

“हो.”

“ते पंख्याचं?”

“हो अण्णा, पंख्याचं.”

“अन् मोठं हाय ना तिथं? तीनशे मानसाचं?”

“आहे. पण मला नको.”

अण्णा नुसतं ‘आस्सं’ म्हणाले आणि धोतराचा सोगा झटकला. त्यांच्या त्या ‘आस्सं’नं माझा लहानपणापासून घात केलेला आहे. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखायला काय जातंय? मोठ्या विमानाच्या जागा वरचे लोक सोडतात थोडेच, माझ्या नंबरापर्यंत येईतो संपलेल्या असतील. मी दुसऱ्या रकान्यात मोठं विमान लिहिलं, अण्णांना दाखवलं आणि अर्ज पाठवून दिला. अण्णांनी चहा मागितला.

आमच्या धंद्यात नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगतात की जे नको ते अर्जात लिहू नका. संगणकाला गंमत कळत नाही. यादीत तुमचा नंबर आला आणि पहिली पसंती संपलेली असली, तर दुसरी तुमच्या गळ्यात. मी स्वतः हे चार जणांना सांगितलेलं होतं.

आठ दिवसांनी निकाल लागला. लहान विमानाच्या डाव्या जागा माझ्या लगेच वरच्या माणसापाशी संपल्या. आणि मोठ्या विमानाला वरच्या लोकांनी चक्क नाकं मुरडली होती! पन्नाशीला आलेल्यांना झोप हवी होती, मुलांच्या दहावी-बारावी होत्या, कुणाला पाठीचा त्रास. जागा खाली घसरत घसरत आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. मोठं विमान, दिल्ली, उजवी खुर्ची. तीन वर्षं बदल मागता येणार नाही.

मी स्वतःला काय काय म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण खोटं कशाला बोलू, दोनच दिवसांत मलाही चढली. माणसं कशी वागायला लागली! सोसायटीतल्या ज्या बाई मला ‘ती एअर होस्टेस’ म्हणायच्या त्या पेढे घेऊन आल्या. मुलीनं पृथ्वीचा गोल फिरवून ‘इथं जाशील? इथं जाशील?’ करून मला भंडावलं. नवरा वाळूजला कारखान्यात इंजिनीअर आहे. त्यानं कॅलेंडरच्या पाठीमागं पगार, विमान, घर असे तीन रकाने आखले आणि गुण दिले. बेरीज मोठ्या विमानाच्या बाजूनं आली. मी म्हटलं, ‘घर’ या रकान्यात तू दहापैकी चार दिलेस, म्हणजे मी नसले तरी तुझं चार भागतं का? त्यानं ते कॅलेंडर गुपचूप भिंतीला लावलं.

आणि अण्णांनी फ्लेक्स लावला.

फुलंब्रीच्या चौकात, वीस फुटी. मध्ये मी, पासपोर्टच्या फोटोतली, चोरी करताना सापडल्यासारखी. माझ्या डोक्यावर चार इंजिनांचं एक अवाढव्य विमान, जे आमच्या कंपनीकडे नाही, तिसऱ्याच देशाच्या रंगातलं. खाली ‘महाकाय विमानावर निवड झाल्याबद्दल गावच्या लेकीचे हार्दिक अभिनंदन’ आणि गॉगल लावलेले अकरा चुलतभाऊ. मी फोटो पाहून हसले, हसता हसता रडले आणि मग त्याच फोटोचं स्टेटस ठेवलं. तेव्हा कुठं मनाशी पक्कं झालं की बाई, आता जायचं दिल्लीला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता कार्यालयातून फोन आला. मी सुट्टीवर होते, भाकरी तव्यावर होती.

“मॅडम, लहान विमानाची एक डावी जागा मोकळी झालीय. एकांनी नाकारली. तुमची पहिली पसंती तीच होती आणि पुढचा नंबर तुमचा. हवी असेल तर पाच वाजेपर्यंत कळवा. मग दिल्लीचं पत्र रद्द होईल.”

भाकरी जळाली. मी तव्याकडे बघत होते आणि ती जळताना मला दिसत होती, तरी हात उचलेना. शेवटी गॅस बंद केला. चार तास! नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते दार उघडलं होतं आणि चार तासांत लागणार होतं. आणि चौकात वीस फुटी फ्लेक्स.

नवऱ्याला फोन केला. तो मशिनच्या आवाजात ओरडून म्हणाला, “तू ठरव! मला बेरीज विचारू नकोस!” शहाणा माणूस आहे, एका कॅलेंडरवरून शिकला. मी स्कूटर काढली आणि फुलंब्रीचा रस्ता धरला. सख्खा बाप ही बातमी पाच वाजल्यानंतर दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार, हे मला सहन होणार नव्हतं.

अण्णा वावरात होते. अद्रकाची काढणी चालू होती, सात-आठ बाया गड्डे झटकून ढीग लावत होत्या. मला भरदुपारी बघून अण्णांचा चेहरा उतरला.

“काय झालं? पोरगी बरी हाय ना?”

“बरी आहे. अण्णा, मला लहान विमान मिळतंय. कॅप्टन म्हणून.”

“मग ते मोठं?”

“ते सोडावं लागेल.”

बायांचे हात थांबले. अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “येडी का खुळी? तीनशे मानसाचं सोडून बारक्यावर कामून जायचं? पगार तिथं जास्ती हाय का नाय?”

“आहे.”

“मान हाय का नाय?”

“आहे!”

“मग?”

माझा पारा चढला. मी घरातली सगळ्यात तापट, अण्णांच्याच वळणावर गेलेली. म्हटलं, “अण्णा, तिथं मी महिन्यातून एकदा विमान उतरवणार, तेही कुणी उतरव म्हणालं तर! चार दिवस बाहेर, दोन दिवस झोपेत. पोरगी मला फोनवर बघणार. आणि इथं ते विमान माझं असणार. सत्तर माणसांचं का होईना, माझं. मला नऊ वर्षांपासून हेच हवंय आणि मी तुमचं मन राखायला अर्जात भलतंच लिहून बसले!”

हे शेवटचं बोलायचं नव्हतं, निघून गेलं. अण्णा एक गड्डा हातात घेऊन माती पुसत राहिले.

“माझ्यामुळं लिवलंस व्हय?” ते म्हणाले.

मी होकाराची मान हलवली.

“मला पटलं नाय,” ते म्हणाले. “बारकं ते बारकंच. लोक इचारतील तव्हा मी काय सांगू? पण इमान तुला चालवायचंय, मला नाय. कर तुझ्या मनाचं.” आणि पाठ फिरवून बायांवर खेकसले, “हात चालवा बायांनो, तमाशा हाय का हितं?”

आशीर्वाद म्हणावा असं त्यात काही नव्हतं. पण साडेचार वाजले होते आणि वावरात रेंज नव्हती. मी विहिरीपाशी गेले, नाही. बांधावर गेले, एक काडी आली आणि गेली. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढले, पोत्यांच्या थप्पीवर उभी राहिले, तेव्हा फोन लागला.

“लहान विमान,” मी म्हणाले. “कॅप्टन. हो. हो! माझा होकार लिहून घ्या.”

पलीकडचा म्हणाला, “नक्की ना मॅडम?” मी म्हणाले, “अहो, पोत्यावर उभी राहून सांगतेय, नक्की नसेल तर काय!” त्याला काही कळलं नाही. खाली बाया हसायला लागल्या. मी त्या थप्पीवरून उडी मारली आणि घोट्यापर्यंत मातीत रुतले. एवढा आनंद मला लायसन्स मिळालं तेव्हाही झाला नव्हता.

अण्णा मात्र रुसले. पुढचे सहा महिने माझं प्रशिक्षण चाललं, परीक्षा झाल्या, शेजारी शिक्षक बसवून डाव्या खुर्चीतून पन्नास वेळा उतरवून झालं. दर रविवारी फोन व्हायचा. पाऊस, अद्रक, नातीचा खोकला, सगळं बोलायचे. विमानाचं नाव काढायचे नाहीत. आई हळूच सांगायची, “लोक इचारत्यात तं म्हनत्यात, हाय तिचं काहीतरी चालू.” मला ते लागायचं. रागही यायचा. पण सकाळी उठून त्या पंख्यांच्या विमानात डावीकडे बसले की सगळं विसरायला व्हायचं.

श्रावणात मला मोकळं सोडलं. शिक्षकाविना पहिलं उड्डाण, आणि नशीब बघा, हैदराबाद ते आमचंच शहर! सकाळची वेळ. आईचा फोन आला, आवाजात नुसती कारंजी. “ते येनारेत. सोताहून म्हनले. दोन जीपा केल्यात, नवी टोपी घातलीय.” विमानतळाबाहेर, जालना रोडच्या कडेला उभं राहून सगळे मला उतरताना बघणार होते. मी उत्साहानं इतकी फुलले होते की सहवैमानिक म्हणाला, “मॅडम, तुम्ही गाणं गुणगुणताय.”

उड्डाण झकास झालं. पण आमच्या शहरावर पोचलो तो खाली सगळं पांढरं. ढग अगदी जमिनीला टेकून बसलेले. आमच्या पुढं मुंबईहून आलेलं, आमच्याहून मोठं विमान होतं. ते ढगात शिरलं आणि मिनिटभरात टॉवरवरून कळलं की उतरलं.

उतरताना एक उंची ठरलेली असते. तिथंवर खाली यायचं. धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले तर पुढं, नाही दिसले तर वर. नव्या कॅप्टनसाठी ती उंची जुन्यांपेक्षा जास्त ठेवलेली असते, म्हणजे नवख्याला लांबूनच स्वच्छ दिसायला हवं. पुढच्या विमानाचा कॅप्टन जुना होता. मी पहिल्या दिवसाची.

खाली आले. आणखी खाली. पांढरं. आकडे उतरत होते, माझी उंची आली.

“मॅडम, दिवे दिसल्यासारखे वाटतायत,” सहवैमानिक म्हणाला. “डावीकडे बघा. उतरू या.”

मलाही वाटले. देवाशपथ सांगते, काहीतरी पिवळट होतं तिथं. त्याच्याखाली माझं शहर होतं, आई होती, नवी टोपी घातलेले अण्णा होते. पण मला दिवे दिसले नव्हते, दिसल्यासारखे वाटले होते.

“वर,” मी म्हणाले, आणि दोन्ही इंजिनांना जोर दिला.

दुसऱ्यांदाही तसंच झालं. मी प्रवाशांना मराठीत सांगितलं की ढग खूप खाली आहेत, मला धावपट्टी दिसत नाही, आपण हैदराबादला परत जातोय. मागून एक आवाज बंद दारातूनही ऐकू आला, “दोनदा खाली आलो की हो, उतरवा ना!” माझे कान तापले. हैदराबादला उतरलो. विमान उभं केलं, इंधनाची गाडी लागली आणि मी फोन सुरू केला. आईचे नऊ मिस्ड कॉल होते.

आईनं फोन उचलला आणि काही न बोलता अण्णांकडे दिला.

“ते मोठं उतरलं,” अण्णा म्हणाले. मागं माणसांचा गलका होता. “तुजा आवाज आला नुस्ता डोक्यावरून, दोनदा. हितं समदे म्हनायलेत, बारकं इमान हाय, भ्यालं.”

“अण्णा, मला धावपट्टी दिसली नाही.”

“कुनी सांगितलं मागं फिर म्हनून? हापिसातून हुकूम आला का?”

“नाही. मीच फिरवलं.”

“तुज्या शेजारचा काय म्हनला?”

“तो म्हणाला, उतरू.”

“अन् तू?”

“मी नाही म्हणाले.”

पलीकडे ट्रकचा हॉर्न वाजला, कुणीतरी खोकलं.  मग अण्णांचा आवाज आला, पण तो माझ्याशी नव्हता. वावराच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारतात तसा.

“ऐकलं का रं समद्यायनी? कुनाचा हुकूम नाय, काय नाय! शेजारचा उतरू म्हनतूया, हितं आमी येड्यावानी वाट बघायलोत, अन् पोरगी म्हनली नाय. सत्तर मानसं मागं नेली तिनं. एकटीनं ठरवलं!”

कुणीतरी काही बोललं. अण्णा त्याच्यावर खेकसले, “तू गप. तुला सोताची म्हस वळवता येत नाय.”

मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. सहवैमानिक खिडकीबाहेर बघण्याचं नाटक करत होता.

“आता कवा निघतीस?” अण्णांनी विचारलं. आता आवाज साधा होता.

“ढग वर गेले की. तास लागेल, दोन लागतील.”

“लागू दे. सावकाश ये. आमी हाव हितंच, च्या सांगितलाय समद्यायला.”